तिसऱ्या मजल्यावर थांबलेला धूर

मुलांनो, जरा माझ्याबरोबर गच्चीवर चला. मनातल्या मनातच जायचं आहे, त्यामुळे स्वेटर शोधत बसू नका. थंडी मात्र खरी समजा. जानेवारी महिना. सकाळचे पावणेसात, नुकतं फटफटू लागलंय. वसईजवळच्या गोखिवऱ्यातली सात मजल्यांची एक इमारत आहे, तिचं नाव पारिजात. तुम्ही तिच्या गच्चीच्या कठड्याशी उभे आहात. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. त्याच्या माथ्याची रेघ आभाळावर स्वच्छ उमटलीय. पायथा मात्र दिसतच नाही. तिथे राखाडी काहीतरी साचलंय, आणि त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे.

आता खाली बघा. फार वाकू नका, कठडा धरा. फाटकाजवळ शेकोटी पेटलीय. तिचा धूर सरळ वर निघालाय. पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा, आणि तिथे तो थांबला. वारा नाही, वर छप्पर नाही, काही नाही. तरी कुणीतरी डोक्यावर हात ठेवावा तसा तो थांबला आणि आडवा पसरू लागला.

घाबरलात? अश्लेषाही घाबरली होती. तिला तर तुमच्यापेक्षा पुढचंही दिसलं होतं. पण ते कळायला आधी तिच्या घरी जायला हवं.

अश्लेषा सहावीत होती. पारिजातच्या तिसऱ्या मजल्यावर, फाटकाच्या बाजूला तिचं घर. बाबा मुंबईला नोकरीला, साडेपाचलाच घर सोडायचे. आई, म्हणजे उन्नती, जवळच्याच एका गाळ्यात शाळेची दप्तरं शिवायला जायची. घरात पाच वर्षांचा भाऊ मयूर. आणि दिवाळीपासून आजोबाही राहायला आले होते. त्यांचं नाव प्रल्हाद, आई त्यांना आप्पा म्हणायची. त्यांची सगळी हयात वटार गावी वाडीत गेली. केळी, नारळ आणि पानवेली, यांतच ते वाढले. आता वाडी धाकट्या मुलाकडे सोपवून ते नातवंडांसाठी इकडे आले होते, कारण आई कामावर गेली की मयूरकडे बघायला कुणी नव्हतं.

मयूरला दमा होता. फार नव्हता. पावसाळ्यात थोडा खोकायचा, पंप ओढला की बरं वाटायचं.

पण डिसेंबरमध्ये एका पहाटे अश्लेषाला विचित्र आवाजाने जाग आली. कुणीतरी फुटकी पिपाणी वाजवत होतं. तिने दिवा लावला. आवाज मयूरच्या छातीतून येत होता. तो अंथरुणात बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, आणि गळ्याखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ओठांचा रंग जांभळट. तो रडत नव्हता. रडायला लागणारी हवाही त्याच्याजवळ नव्हती.

"आई!" अश्लेषा ओरडली.

मयूर दोन रात्री इस्पितळात होता. तिसऱ्या दिवशी सोडताना डॉक्टर आईशी बोलत होत्या, तेव्हा अश्लेषा पाण्याच्या पिंपामागे उभी होती. तिला वाटलं होतं, डॉक्टर औषधांचं काहीतरी सांगताहेत.

"घरात कुणी विडी-सिगरेट ओढतं?"

"नाही."

"अगरबत्ती, मच्छरांची कॉइल?"

"अगरबत्ती लावतो. बंद करू."

"करा. हवा खेळती ठेवा. आणि नीट ऐका, पुन्हा असा झटका आला आणि तुम्हाला यायला अर्धा तास जरी उशीर झाला, तर पुढचं मला सांगता येणार नाही."

पुढचं म्हणजे काय, हे अश्लेषाला कुणी समजावलं नाही. आईचा चेहरा बघून तिला ते कळलं.

त्या दिवसापासून घर उलटंपालटं झालं. गालिचा गुंडाळून माळ्यावर गेला. कबुतरांसाठी जाळी लागली. दही बंद, केळी बंद. केळी बंद म्हटल्यावर आजोबांना जरा लागलं. मयूरचा कापसाचा हत्ती, गजू, तोसुद्धा पिशवीत बांधून ठेवला गेला.

"गजूला पण दमा आहे का?" मयूरने विचारलं.

"त्याच्यात धूळ आहे," आई म्हणाली.

"मग त्याला आंघोळ घाल की. मला घालतेस तशी."

आणि हवा खेळती ठेवायचं काम आजोबांनी आपल्याकडे घेतलं. वटारची त्यांची जुनी सवयच होती ती. पहाटे पाचला उठायचं, आणि चूळ भरायच्याही आधी दारं-खिडक्या उघडायच्या. रात्रीची शिळी हवा बाहेर, पहाटेची ताजी आत. त्यांच्या वडिलांनी हे केलं, त्यांच्या आजोबांनी केलं. वाडीतल्या घराला त्याचा कधी अपाय झाला नाही. पारिजातमध्ये सगळे लोक थंडीने खिडक्या घट्ट लावून झोपायचे. आजोबांना त्यांची कीव यायची.

"डबे आहेत डबे," ते म्हणायचे. "माणसांना डब्यात भरून वर झाकण लावलंय."

इस्पितळातून आल्यावर त्यांनी आणखी एक केलं. मयूरचा पलंग स्वतः ओढत नेऊन बरोबर खिडकीखाली लावला. पहिला ताजा श्वास त्याला मिळावा म्हणून.

तरी पहाटेचा खोकला थांबेना. दुपारी मयूर बरा असायचा, संध्याकाळी तर खाली सायकल मागायचा. पहाट झाली की पिपाणी सुरू. आई रात्रभर एका डोळ्याने जागी राहू लागली. पंप उशीखाली, रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर.

आता फाटकावर चला. तिथे बाबूकाका भेटतील. ते पारिजातचे रखवालदार होते. गाव वसईतच, भातशेतीचं. माणूस मोठा गमतीशीर.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी अश्लेषाने पाहिलं, की ते ओल्या काटक्यांना काडी लावतायत आणि त्या पेटत नाहीयेत. काकांच्या अंगात एकच स्वेटर, तोही कोपरावर फाटलेला.

"काय गो बाय, बघते काय? फुंकर मार. तुझ्या फुप्फुसात नवा माल हाय."

तिने फुंकर मारली. काही झालं नाही. मग तिला एक आठवलं. आई गाळ्यातून कातरणीची पिशवी घरी आणायची. दप्तरं कापताना फोमचे आणि रेक्झिनचे जे तुकडे उरायचे, त्यांतला फोम उशांत भरायला उपयोगी पडे. रेक्झिन कचऱ्यात जायचं. अश्लेषा धावत वर गेली आणि रेक्झिनच्या दोन मुठी घेऊन आली.

भक्कन जाळ झाला.

"अगो, ही कातरन म्हंजे पेट्रोलच की!" बाबूकाका मागे सरकत म्हणाले. "तुझ्या आईसला सांग, दप्तरं नको शिवू, हेच विक."

तेव्हापासून रोज संध्याकाळी कचरा टाकायला खाली जाताना अश्लेषा एक छोटी पिशवी काकांच्या खुर्चीखाली ठेवू लागली. पहाटे साडेपाचला गारठा सर्वांत जास्त, तेव्हा ते ती वापरायचे. आईला तिने सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला ऊब देणं, यात सांगायचं काय?

शाळेत जानेवारीत ज्युली मिसनी सगळ्यांना काचेचे थर्मामीटर वाटले. दहा दिवस, सकाळी साडेसातला, दोन जागी तापमान मोजायचं, एकदा जमिनीजवळ आणि एकदा जमेल तितक्या उंचावर. बाबूकाकांची शेकोटी तोवर विझून राख झालेली असायची.

"काय बाय, आजपन हवा मोजाला आली?" ते विचारायचे. "किती किलो भरली?"

पहिल्या दिवशी फाटकाजवळ पंधरा अंश भरले. गच्चीवर अठरा.

अश्लेषाने थर्मामीटर झटकला, पुन्हा धरला. अठराच. वर्गात तिने आकडे वाचले तेव्हा मागच्या बाकावरचा जॅक्सन हसला. "मिस, हिच्या गच्चीवर हिटर लावलाय!"

"उंच गेलं की थंड होतं, असं आपण शिकलोय ना?" मिस म्हणाल्या. "उद्या परत मोज. भिंतीला टेकवू नकोस, आणि दहा मिनिटं थांब."

दुसऱ्या दिवशी खाली चौदा, वर सतरा. तिसऱ्या दिवशीही तसंच. आजोबांनासुद्धा ते पटेना. "तुझी काच बिघडलीय," ते म्हणाले. मग एका सकाळी ते स्वतःच शाल गुंडाळून तिच्याबरोबर वर गेले. लिफ्टमधून बाहेर आले, गच्चीवर चार पावलं टाकली, आणि त्यांनी शाल सोडून खांद्यावर घेतली.

"अरेच्चा," ते म्हणाले. "इथे तर ऊब आहे."

सहाव्या दिवशी ज्युली मिसनी फळ्यावर एक डोंगर काढला. त्या म्हणाल्या, "एरवी खालची हवा उबदार असते, ती वर जाते, आणि धूर, धूळ सगळं सोबत घेऊन जाते. पण हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला, की रात्री जमीन भराभर थंड होते. तिला टेकलेली हवाही थंड होते. डोंगरावरची गार हवा उतारावरून ओघळत पायथ्याशी येऊन साचते, पाणी खड्ड्यात साचतं तशी. थंड हवा जड, ती वर जात नाही. तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. झाला उलटा हिशेब, खाली थंड, वर ऊब. ऊन चांगलं तापेपर्यंत खालचं काही वर जाऊ शकत नाही. मोठमोठ्या डोंगरांतल्या दऱ्यांमध्ये तर हे दिवसचे दिवस टिकतं. आपल्याकडे रोज पहाटे होतं आणि नऊ-दहापर्यंत मोडतं."

मिसनी अश्लेषाच्या वहीवर लाल शाईत 'बरोबर' लिहिलं. जॅक्सनने तिला स्वतःहून चिंच दिली.

घरी येऊन तिने हे आजोबांना सांगितलं. ते लसूण सोलत होते.

"म्हणजे उकडहंडी," ते म्हणाले. थंडीत वटारला कंद, शेंगा मडक्यात भरून, तोंड पाल्याने गच्च बांधून भाजतात, ती त्यांना आठवली. "वाफ बाहेर जाता कामा नये, म्हणून तोंड बांधायचं. आणि आपण आत. रताळी!"

"मी रताळं नाही, मी शेंग," मयूर म्हणाला.

तिघंही हसली. मुलांनो, इथे जरा थांबा. त्या हसणाऱ्या खोलीतच सगळं होतं. खिडकी तिथे होती, पलंग तिथे होता, आणि दाराआड संध्याकाळसाठी भरून ठेवलेली कातरणीची पिशवीही होती. तिघांपैकी एकालाही काही दिसलं नाही. मलाही दिसलं नसतं.

आता तो शनिवार. शाळेत सकाळी साडेसातला कवायत होती, म्हणून अश्लेषाने आकडे लवकर घ्यायचे ठरवले. फाटकाजवळ बाबूकाकांची शेकोटी अजून जळत होती.

"आज लौकर? हवा उठली नसंल अजून," काका म्हणाले.

खाली चौदा. ती लिफ्टने वर गेली. गच्चीवर साडेसतरा. दहा मिनिटं थांबायचं म्हणून ती कठड्याशी उभी राहिली. डोंगराच्या पायथ्याची ती सरळ राखाडी कड तिने बघितली आणि मनात म्हणाली, हंडीचं झाकण.

मग तिने खाली पाहिलं.

फाटकावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात धूर स्पष्ट दिसत होता. काळसर. सरळ वर आलेला. तिसऱ्या मजल्याशी थांबलेला. तिला आधी गंमतच वाटली. फळ्यावरचं चित्र समोर जिवंत झालं होतं. तिने वही काढली, चित्र काढावं म्हणून.

धूर आडवा झाला. भिंतीला लागला. भिंतीवरून मांजरासारखा सरकत चालला. एक खिडकी आली, ती बंद. तो तिच्यावरून पुढे गेला. दुसरी, बंद. तिसरी, बंद. अख्ख्या इमारतीच्या त्या बाजूला अठ्ठावीस खिडक्या होत्या, आणि सत्तावीस बंद होत्या.

अठ्ठाविसावी उघडी होती. तिच्यावर निळा पडदा होता. धूर त्या पडद्यापाशी आला, पडदा किंचित हलला, आणि धूर आत गेला. पाणी मोरीत जातं तसा, सावकाश, सगळाच्या सगळा.

तो निळा पडदा अश्लेषाच्या घरचा होता. त्याखाली मयूरचं डोकं होतं.

पेन्सिल तिच्या हातातून पडली.   रोज, तिच्या मनात आलं. रोज असंच. आणि मग दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली, पहिलीपेक्षा वाईट. लाकडाचा धूर असा काळा नसतो. तो काळा रंग तिने काल संध्याकाळी स्वतःच्या हातांनी पिशवीत भरला होता.

लिफ्ट यायची वाट तिने बघितली नाही. चार मजले जिने उतरून ती घरात घुसली. मयूर पलंगावर बसला होता, हात गुडघ्यांवर, आणि पिपाणी वाजत होती. आई पंप हलवत होती. आजोबा काय करत होते, सांगू? ते खिडकीचं दुसरं दार उघडत होते.

"बाळाला हवा हवीय," ते म्हणत होते. "ताजी हवा येऊ दे."

"बंद करा!" अश्लेषा किंचाळली. ती आजोबांच्या काखेखालून घुसली आणि तिने दोन्ही दारं आपटून लावली. काच खणखणली. "आई, पलंग ओढ! याला आतल्या खोलीत ने! धूर येतोय, सगळा धूर याच्यावर येतोय!"

"काय बोलतेस? आप्पा सकाळी हवेसाठी..."

"हवा नाही ती! मी वरून बघितलं!"

आईने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मयूरला उचलून आतल्या खोलीत नेलं. पंपाचे चार फवारे. मग पुन्हा चार. सगळे दाराच्या चौकटीत उभे राहून त्याच्या गळ्याखालची ती कातडी बघत होते. आत ओढली जातेय. अजून ओढली जातेय. आईचा हात भिंतीवरच्या नंबराकडे गेला होता.

मग ओढ कमी झाली. पिपाणी बारीक झाली. मयूर म्हणाला, "गजूला आण." एवढं मोठं वाक्य बोलायला त्याच्याजवळ हवा होती.

आईने पंप खाली ठेवला.

आजोबा मात्र त्या बंद खिडकीजवळच उभे होते. काचेबाहेर धूर पसरलेला त्यांना आता दिसत होता. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि बघितलं. काजळी.

"मीच," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता, की तो त्यांचा वाटेना. "पलंगसुद्धा मीच ओढला. उन्नती, मी उद्या वटारला जातो. मी तुमच्या घरात..."

"आप्पा, तुम्हाला काय माहीत होतं?"

"साठ वर्षं उघडतोय खिडकी. साठ वर्षं. मला वाटलं पहाट सगळीकडे सारखीच असते."

अश्लेषा तिथेच उभी होती. ती काहीच बोलली नसती, तर कुणाला काहीच कळलं नसतं. खिडकी आजोबांनी उघडली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पिशवीचं फक्त तिला आणि बाबूकाकांना. 

ती दाराआड गेली आणि आज संध्याकाळसाठी भरलेली पिशवी आणून तिने मधोमध ठेवली.

"हे मी देते बाबूकाकांना," ती म्हणाली. "रोज. डिसेंबरपासून. शेकोटीत टाकायला. तो धूर याचा आहे."

आईने पिशवी उघडली. निळ्या रेक्झिनचे, लाल रेक्झिनचे तुकडे. तिने स्वतः कापलेले. ती तुकड्यांकडे बघत राहिली, मग अश्लेषाकडे. तिचा हात वर उठला. अश्लेषाने डोळे मिटले. पण तो हात आईच्या स्वतःच्याच तोंडावर गेला.

"मी आणलं हे घरात," आई म्हणाली. "मी."

 आजोबांनी पदर पुढे केला. म्हणजे आपल्या शालीचं टोक, अश्लेषाचं नाक पुसायला.

"आता खाली जाऊन सांगायला हवं," ते म्हणाले.

"मी जाते," अश्लेषा म्हणाली. तिने पिशवी उचलली.

बाबूकाका हात शेकत बसले होते. पिशवी बघून त्यांचे डोळे लकाकले. "आज सकाळीच डिलिवरी?"

"काका, शेकोटी विझवा. धूर आमच्या घरात जातो. मयूरला त्यानेच होतं."

काका हसले. तिला वाईट वाटू नये एवढंच हसले. "अगो बाय, धूर वर जातो. आभालात. मी काय आज शेकोटी पेटवतो? माजा बाप पेटवायचा, आमच्या भात झोडायच्या खलीत. कोनाला दमा नाय झाला."

"वर जात नाही. तिसऱ्या मजल्यावर थांबतो."

"थांबतो? धूर काय लिफ्ट हाय?"

"मिसनी शिकवलंय. थंड हवा खाली..."

"मिसला सांग, गेटवर येऊन बस पहाटे. मंग शिकव." ते आता हसत नव्हते. "बाय, तुमी घरात असता. वर गोधडी असते. हिथं हाडं वाजतात. हीबी विझवली, तर मी काय पांघरू?"

 काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. फाटकाजवळ चौदा अंश होते, तिने स्वतः मोजले होते. भिंतीकडे रेतीचा ढीग होता, त्यावर घमेलं पालथं पडलं होतं. चार घमेली टाकली की शेकोटी विझली असती. पण तिला आजोबा आठवले. आकडे सांगून सांगून ती थकली होती, तरी त्यांना पटलं नव्हतं. शाल खांद्यावर कधी गेली? ते स्वतः गच्चीवर आले तेव्हा.

आज विझवली, तर उद्या काका पुन्हा पेटवतील. कातरण नसेल तर टायर मिळेल, बाटल्या मिळतील.

"काका, तुम्ही वर जा," ती म्हणाली. "गच्चीवर. आत्ता. शेकोटी जळतेय तोवर. कठड्यावरून फक्त खाली बघा."

"आनि गेट? सेक्रेटरी बघेल तर माजी हवा मोजंल."

"गेट मी सांभाळते."

"तू?"

"वर ऊब आहे, काका. साडेसतरा अंश. खरंच. पाचच मिनिटं."

बाबूकाकांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या गालांवर अश्रू वाळले होते आणि नाक लाल झालं होतं. ते उठले. शिट्टी गळ्यातून काढून त्यांनी तिच्या गळ्यात घातली, काठी तिच्या हातात दिली. "दूधवाला येल, त्याला सोड. बाकी कोनाला नको," ते म्हणाले आणि आत गेले.

अश्लेषा त्यांच्या खुर्चीवर बसली. लोखंडी खुर्ची बर्फासारखी गार होती. पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. कातरणीची पिशवी तिने पायांखाली दाबून ठेवली. शेकोटी समोर होती, तरी पाठीला गारठा चावत होता, आणि तिला कळलं की काकांनी रोज पहाटे हे कसं सोसलं असेल. दूधवाला आला, तिने फाटक उघडलं. तो तिच्या गळ्यातली शिट्टी बघत बघत आत गेला.

मग तिने मान वर केली.

गच्चीच्या कठड्यावर एक डोकं आलं होतं. आधी ते डोंगराकडे वळलं. मग खाली. धूर तिसऱ्या मजल्यावर थांबलेलाच होता. आडवा होत, भिंत चाचपत, तो बंद झालेल्या निळ्या पडद्याच्या खिडकीपाशी घुटमळत होता. ते डोकं हललं नाही. किती वेळ कोण जाणे. 

मग दोन्ही हात वर आले आणि जोरजोरात हलू लागले. विझव, विझव.

आतल्या जिन्यावर पावलं वाजली. आजोबा उतरत होते, त्यांच्या हातात त्यांची शाल आणि वटारहून आणलेली जाड गोधडी होती. अश्लेषाने त्यांच्यासाठीही वाट बघितली नाही. तिने काठी खुर्चीला टेकवली, रेतीच्या ढिगापाशी गेली, पालथं घमेलं उलटं केलं आणि दोन्ही हातांनी ते भरू लागली.